महाविद्यालय पाहताना फाटकाबाहेरही पाहावे

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातील जांबोटी भागात राहतो. माझी मुलगी पीयूसी (कर्नाटकातील अकरावी-बारावी) विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली असून तिला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचे आहे. तिने कर्नाटक आणि महाराष्ट्र अशा दोन्ही सीईटी दिल्या आहेत. बेळगावच्या उद्यमबागजवळचे एक, हुबळीच्या वाटेवर महामार्गालगत वस्तीपासून दूर असलेले एक आणि कोल्हापूरचे एक, अशी तीन महाविद्यालये आमच्यापुढे आहेत. महामार्गालगतचे आवार मोठे व शांत असून वसतिगृह आतच आहे, त्यामुळे मुलीसाठी ते सुरक्षित वाटते. मुलीचा ओढा मात्र बेळगावकडे आहे. परिसराचा विचार किती करावा? – एक पालक

उत्तर : आपल्या पत्रातील काळजी प्रत्येक पालकाची असते आणि ती रास्तच आहे. बेळगाव आणि महामार्गालगतचे, ही दोन्ही महाविद्यालये विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न असल्याचे आपण लिहिले आहे. पदवी एकाच विद्यापीठाची, शाखाही एकच; मग शिक्षकवर्ग आणि प्रयोगशाळा यांची चौकशी झाल्यावर निवडीत खरा फरक पाडणारी गोष्ट परिसर हीच उरते.

मात्र परिसर म्हणजे इमारतीभोवतीची झाडे आणि मोकळी हवा नव्हे. तास संपल्यापासून झोपेपर्यंत आपली मुलगी कोठे जाऊ शकेल, कोणाला भेटेल, काय पाहील आणि आजारी पडली तर कितव्या मिनिटाला डॉक्टरांपर्यंत पोहोचेल, हे सारे परिसरात येते. शांत जागा आणि ओसाड जागा यांत अंतर आहे. संध्याकाळी सातनंतर फाटकाबाहेर ना दिवा, ना औषधाचे दुकान, ना बसथांबा, अशी जागा पाहणाऱ्याला शांत वाटली तरी तेथे राहणाऱ्या मुलीला ती प्रत्येक लहान कामासाठी कोणावर तरी अवलंबून ठेवते. वर्दळीच्या रस्त्यावर चार दुकाने उघडी असणे, हीदेखील सुरक्षितताच आहे.

मेकॅनिकल शाखेसाठी तर हा विचार अधिकच मोलाचा ठरतो. उद्यमबाग आणि मच्छे या भागांत फाउंड्री, मशीन शॉप आणि हायड्रॉलिक्सचे सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने वर्षानुवर्षे चालत आले आहेत, आणि पुणे-बेंगळूरु महामार्गावर हत्तरगीला विमानांचे भाग बनवणारी औद्योगिक वसाहतही उभी राहिली आहे. साचा कसा भरतात, ओतीव भागात पोकळी का राहते, लेथवर काम बिघडले की कारागीर प्रथम काय तपासतो, हे पुस्तकात वाचणे आणि कारखान्यात उभे राहून पाहणे यांत मोठा फरक आहे. इंटर्नशिप अभ्यासक्रमातच असल्याने ती कोठेतरी करावीच लागणार. पण ज्या विद्यार्थिनीला कारखाना चालत जाण्याच्या अंतरावर आहे, ती प्रकल्पासाठी एक भाग करून घ्यायला चार वेळा जाऊ शकते, आणि त्या चार फेऱ्यांतच तिच्या ओळखी होतात. माझ्या मते आपल्या मुलीचा ओढा योग्य दिशेने आहे.

तरीही एक गोष्ट टाळावी, असे मी आग्रहाने सांगेन. बेळगावला प्रवेश घेऊन जांबोटीहून रोज येजा करण्याचा विचार करू नये. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे जून 2023 पासून राज्यातील साध्या सरकारी बसने महिलांना विनामूल्य प्रवास करता येतो, म्हणून अनेक घरांत हा पर्याय स्वस्त वाटतो. परंतु आपल्या भागातला जुलै-ऑगस्टचा पाऊस आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. बस चुकली की सकाळचे प्रात्यक्षिक गेले, आणि शेवटच्या बसच्या धास्तीने संध्याकाळचे ग्रंथालयही गेले. अनगोळ किंवा टिळकवाडीत मुलींसाठीची खोली पाहावी आणि विनामूल्य बसचा उपयोग शनिवार-रविवारी घरी येण्यासाठी करावा.

कोल्हापूरचा पर्याय मी कमी लेखत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींमुळे तेथेही कारखान्यांचा सहवास मिळतो, शिवाय व्यवहार मराठीत होतात. वादग्रस्त सीमाभागातील 865 गावांत राहणाऱ्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत स्वतंत्र तरतूद आहे. तिचा लाभ घ्यायचा असेल, तर यंदाची माहितीपुस्तिका पाहून रहिवासाचे व मातृभाषेचे दाखले आजच तयार करायला घ्यावेत. मात्र घरापासूनचे अंतर मोठे आहे आणि मोफत प्रवासाची सवलत कर्नाटकच्या हद्दीपुरतीच आहे. मुलीला पुढे बेळगाव, धारवाड किंवा बेंगळुरूमध्ये नोकरी करायची असेल, तर कारखान्यातील कामगारांशी कन्नडमध्ये बोलता येणे तिच्या उपयोगाचे ठरेल. बेळगावात ती मराठीत वावरून कन्नडही पक्की करू शकेल. यात आपल्या भाषेला कमीपणा येतो असे मला मुळीच वाटत नाही.

निर्णयापूर्वी तिन्ही ठिकाणे मुलीला बरोबर घेऊन पाहावीत, आणि तीही रविवारी किंवा स्वतःच्या गाडीने नव्हे. कामाच्या दिवशी बसने जावे, दुपारी पोहोचावे आणि अंधार पडेपर्यंत थांबावे. कार्यालयात जे सांगतात ते ऐकावेच, पण शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन मुलींना मुलीनेच एकटीने भेटावे आणि वसतिगृहाचे फाटक किती वाजता बंद होते, रात्री ताप आला तर गाडी कोण आणते, इंटर्नशिप प्रत्यक्षात कोठे केली, हे विचारावे. मुली आपसांत जे बोलतात ते आपल्यासमोर बोलणार नाहीत, म्हणून आपण तेवढा वेळ बाहेर चहा घ्यावा.

महामार्गालगतच्या महाविद्यालयातील मुलींनी याची समाधानकारक उत्तरे दिली, तर माझे मत बाजूला ठेवून त्याचा जरूर विचार करावा. तसे झाले नाही, तर कर्नाटकच्या ऑप्शन एन्ट्रीत, म्हणजे पसंतीच्या महाविद्यालयांच्या क्रमवार यादीत, बेळगावचे महाविद्यालय वरच्या क्रमांकावर भरावे. जागावाटप त्या क्रमानेच होते, त्यामुळे यादी अंतिम करण्यापूर्वी ती मुलीने स्वतः एकदा मोठ्याने वाचून तपासावी.