चाऊ फन (सहसा बीफ घालून कढईत परतलेला चिनी पदार्थ) तांदळाच्या नूडल्सचं असतं, मग ते हलकं आणि गहू न चालणाऱ्यांसाठी ठीक असतं का?

हलकं नाही, आणि गहू चालत नसेल तर विचारल्याशिवाय खाऊ नका. चीनमधल्या ग्वांगझू शहराच्या शाहे भागावरून नाव पडलेल्या या रुंद, पांढऱ्या नूडल्स तांदळाच्या असतात हे खरं, पण गोम सोया सॉसमध्ये आहे. बाटलीमागचं लेबल वाचा: सोयाबीनच्या जोडीला बहुतेकदा गहू दिसेलच. शिवाय त्याच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं; जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा २००० आहे. तेलाचंही तसंच. या नूडल्स एकमेकींना आणि कढईला चिकटतात, म्हणून आचारी हात सैल सोडतो, आणि तेलाचा प्रत्येक मोठा चमचा म्हणजे सुमारे १२० कॅलरी. (उत्तम चाऊ फन संपल्यावर ताटलीत तेलाचं तळं उरत नाही, ही ग्वांगझूकडच्या कॅन्टोनीज खवय्यांची जुनी कसोटी.) प्रथिनं मिळतात ती बीफमधून, भाजी म्हणजे मोड आलेले मूग आणि कांद्याची पात, त्यामुळे तंतू कमीच. घरी केलंत तर मात्र हिशेब बदलतो: गहू नसलेला तामारी (सोया सॉसचा जपानी प्रकार), अर्ध्या नूडल्स, दुप्पट मोड. फक्त कढई धुरावेपर्यंत तापवा, नाहीतर लगदा होईल.