आई-वडिलांना ब्रिटनमधल्या ख्रिस्ती वारसा सहलीला पाठवावं का?

तुम्ही विचारलंय की आई-वडील दोघंही साठीच्या पुढचे आहेत, चर्चला नेमाने जाणारे आहेत आणि त्यांच्यासाठी दहा दिवसांची, गाइडसह असलेली ख्रिस्ती वारसा सहल बघून ठेवली आहे: लंडन, कँटरबरी, ऑक्सफर्ड, यॉर्क, एडिंबरा. खर्च बराच आहे, तेव्हा पाठवावं का, आणि पाठवलं तर काय चुकवू नये?

जरूर पाठवा. पण पैसे भरण्याआधी टूरवाल्यांना दोन गोष्टी विचारा: प्रत्येक शहरात किती तास थांबणार, आणि एखाद्या संध्याकाळी प्रार्थनेला बसायला वेळ ठेवलाय का. मी इंग्लंडमध्ये राहते. माझे आई-पप्पा नाशिकहून आले, तेव्हा अशाच एका सहलीत मी त्यांच्यासोबत गेले, आणि नंतर चार दिवस आम्ही तिघंच फिरलो. त्या अनुभवावरून लिहितेय.

आमच्या टूर कंपनीने कँटरबरीसाठी दीड तास ठेवला होता, त्यातली वीस मिनिटं बसपासून चालण्यात गेली. आर्चबिशप थॉमस बेकेट यांचा 29 डिसेंबर 1170 रोजी कॅथीड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये, जिथे खून झाला ती जागा पाहिली. त्यांची समाधी होती तिथे आज एक मेणबत्ती तेवते. समाधी आठव्या हेन्रीच्या हुकमाने 1538 मध्ये उखडली गेली. तिकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या यात्रेकरूंच्या शतकानुशतकांच्या वर्दळीने मधोमध झिजल्या आहेत. आई त्या पायऱ्यांवर हात ठेवून उभी राहिली, एवढ्यात बसची वेळ झाल्याची हाक आली. मला फार वाईट वाटलं. म्हणून सहल संपल्यावर आम्ही कँटरबरीला पुन्हा गेलो, आणि त्यामुळेच सेंट मार्टिन चर्च पाहता आलं.

हे लहानसं चर्च कॅथीड्रलपासून पायी वीसेक मिनिटांवर आहे आणि बहुतेक बसगाड्या तिकडे वळतही नाहीत. इंग्रजी बोलणाऱ्या जगात अजून वापरात असलेलं हे सर्वांत जुनं चर्च मानतात. भिंतीत रोमन काळातल्या विटा अजून दिसतात. केंटचा राजा एथेलबर्ट ख्रिस्ती नव्हता, पण त्याची राणी बर्था फ्रँक राजघराण्यातली ख्रिस्ती मुलगी होती. आपला धर्म पाळू देणार या अटीवर ती लग्न करून आली, आणि येताना बिशपही सोबत घेऊन आली. ती याच जागी प्रार्थना करायची. रोमहून पोपने पाठवलेला मिशनरी ऑगस्टिन 597 साली आला, तेव्हा त्याच्या आधीपासून इथे एका सुनेची प्रार्थना चालू होती. आई म्हणाली, "म्हणजे सुरुवात तिनं केली." गाइडच्या भाषणात बर्थाला एक वाक्य मिळालं होतं. चर्च ठरावीक दिवशीच उघडं असतं, तेव्हा वेळ बघून जा.

ऑक्सफर्डला मात्र पूर्ण दिवस द्या. तिथे बेलिअल कॉलेजसमोर ब्रॉड स्ट्रीटच्या डांबरात दगडांचा एक क्रूस बसवलाय. सायकली त्याच्यावरून जातात, नवख्या माणसाच्या तो नजरेतही येत नाही. प्रॉटेस्टंट बिशप लॅटिमर आणि रिडली यांना 16 ऑक्टोबर 1555 रोजी इथे जिवंत जाळलं, आणि 21 मार्च 1556 रोजी आर्चबिशप क्रॅन्मर यांना. क्रॅन्मर यांनी आधी भीतीपोटी आपली मतं मागे घेतल्याच्या कागदांवर सह्या केल्या होत्या. शेवटच्या दिवशी सेंट मेरी चर्चमध्ये त्यांनी ते सगळं नाकारलं आणि ज्या उजव्या हाताने सह्या केल्या तो हात आधी आगीत धरला. ते सेंट मेरी चर्चही जवळच आहे. गाइडला आधी तिथे न्यायला सांगा आणि मग ब्रॉड स्ट्रीटवर. त्या माणसाने शेवटची पावलं त्याच दिशेने टाकली होती.

आता इव्हनसाँगबद्दल, म्हणजे कॅथीड्रलमधल्या गायकवृंदाच्या सायंप्रार्थनेबद्दल. तिचे शब्द मुख्यतः क्रॅन्मर यांच्या 1549 च्या प्रार्थनापुस्तकातून आले आहेत. दुपारी त्या क्रूसाजवळ उभं राहायचं आणि संध्याकाळी क्राइस्ट चर्चच्या कॅथीड्रलमध्ये बसून त्याच माणसाने जुळवलेले शब्द ऐकायचे. तिकीट लागत नाही. श्रद्धा कुठलीही असो, कुणालाही बसता येतं. थोडं लवकर गेलात तर गायकांच्या अगदी जवळच्या लाकडी आसनांवर जागा मिळते. आईला इंग्रजी जेमतेम कळतं, पण मरीयेचं गीत सुरू झाल्यावर हातातल्या कागदावर लूकचं नाव बघून ती पुटपुटायला लागली, "माझा जीव प्रभूला थोर मानतो." मुलं लॅटिन वळणाच्या चालीत गात होती आणि शेजारी आई मराठीत म्हणत होती. आख्ख्या सहलीतला तो पाऊण तास मला परत हवा आहे.

तुमच्या आई-वडिलांची मंडळी, म्हणजे चर्च, कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण ते महत्त्वाचं आहे. अहिल्यानगरकडची असेल तर मिशनचा धागा अमेरिकेकडे जातो. मुंबई-पुण्यातली स्कॉटिश परंपरेची असेल तर एडिंबरात थोडं जास्त थांबा: 1829 साली मुंबईला आलेले आणि ज्यांच्या नावाने विल्सन कॉलेज आहे ते जॉन विल्सन एडिंबरालाच शिकले. पुण्यातल्या पंच हौद चर्चशी नातं असेल तर ऑक्सफर्डहून गाडी करून वाँटेजला जाच. अंतर तासाभराच्या आतलं आहे.

वाँटेज हे छोटं बाजाराचं गाव. पुण्यात काम करणाऱ्या तिथल्या सिस्टर्सशी ओळख झाल्यावर पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला आल्या, आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा आणि त्यांची छोटी मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा याच गावात झाला. नंतर चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या स्वतः शिकल्या आणि संस्कृत शिकवलं. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांनी पत्रांतून केलेले वाद वाचलेत तर कळेल की ही बाई परक्या देशात, दुसऱ्याच्या आश्रयाला असतानाही स्वतःला पटेल तेवढंच मान्य करत होती. मला त्या यासाठी फार मोठ्या वाटतात. चौकात राजा आल्फ्रेडचा पुतळा आहे, तो 1877 सालचा. म्हणजे रमाबाईंनीही तो पाहिलेला असणार. चौकाला लागून जुनं पॅरिश चर्च आहे. तिथे आमच्याशिवाय कुणीच नव्हतं. पप्पांनी मोठ्याने मराठीत प्रार्थना केली.

एखादा दिवस मोकळा असेल तर ब्रिस्टलही बघा. मेथडिस्ट पंथ सुरू करणारे जॉन वेस्ली यांनी 1739 मध्ये उभारलेलं मेथडिस्टांचं सर्वांत जुनं प्रार्थनागृह तिथे आहे, आणि अ‍ॅशली डाउनवर जॉर्ज म्युलर यांनी अनाथ मुलांसाठी बांधलेल्या इमारतीही. कुणापुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेवर भिस्त ठेवून चालवलेल्या म्युलर यांच्या कामाबद्दल वाचून रमाबाईंना बळ मिळालं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन पाहिलेल्या माणसाला ब्रिस्टलमध्ये ओळखीचं काहीतरी सापडेल.

यॉर्कला मिन्स्टरची, म्हणजे तिथल्या कॅथीड्रलची, पूर्वेची महाखिडकी बघायला लहान दुर्बीण न्या, हे कुठलीही टूर कंपनी सांगत नाही. जॉन थॉर्न्टनने 1405 ते 1408 या तीन वर्षांत ती केली. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतची चित्रं त्या काचांत आहेत आणि वरची चित्रं नुसत्या डोळ्यांना फक्त रंग म्हणून दिसतात. पप्पा दुर्बीण लावून प्रकटीकरणातली दृश्यं एकेक ओळखत होते आणि भोवती चार अनोळखी लोक ऐकत उभे होते. तिथून जवळच शॅम्बल्स नावाची अरुंद गल्ली आहे. तिथल्या एका खाटकाची बायको मार्गारेट क्लिथरो हिने कॅथलिक पाळकांना घरात लपवल्याचा आरोप ठेवून 1586 मध्ये तिला अंगावर वजनं ठेवून मारलं. ऑक्सफर्डला प्रॉटेस्टंट जाळले गेले आणि यॉर्कला कॅथलिक बाईला असं मारलं. गाइडने या दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात. एकच सांगणारा गाइड असेल तर तुमच्या आई-वडिलांना तुम्ही दुसरी आधीच सांगून ठेवा.

यॉर्कहून एडिंबराला रेल्वेने जात असाल तर वाटेत डरहॅमला उतरा. डोंगरावरच्या त्या कॅथीड्रलचं बांधकाम 1093 साली सुरू झालं. आत जायला पैसे मागत नाहीत, देणगी आपल्या इच्छेने. एका टोकाला संत कथबर्टची कबर आणि दुसऱ्या टोकाला बीड या इतिहासकाराची. बर्था आणि ऑगस्टिनची हकिगत आपल्यापर्यंत पोचली ती या बीडने 731 साली पूर्ण केलेल्या इतिहासामुळे. म्हणून कँटरबरी आधी आणि डरहॅम नंतर हा क्रम छान पडतो. स्टेशनवरून चढ आहे, आईच्या गुडघ्यांमुळे आम्ही टॅक्सी केली.

एडिंबरात सेंट जाइल्स आणि ग्रेफ्रायर्स ही दोन चर्चं पुरेत. रस्ते चढउताराचे आहेत, दहाव्या दिवशी पाय बोलायला लागतात.

तीन-चार कामाच्या गोष्टी. 'ब्लू बॅज' असलेला गाइड देणार का ते लेखी घ्या. ते परीक्षा देऊन झालेले गाइड असतात. रविवारी बरीच कॅथीड्रल्स पर्यटकांना बंद किंवा अर्धवेळ असतात, पण उपासनेला उघडी असतात. म्हणून रविवार प्रवासात घालवू नका, एखाद्या साध्या मंडळीत सकाळी जा. तिथे चहाला थांबवून घेतात आणि बोलतात. स्वेटर मे महिन्यातही लागतो, कारण दगडी इमारती आतून गार असतात.

आणि लंडन. वेस्टमिन्स्टर ॲबीचं तिकीट महाग आहे तरी काढा. मधल्या दालनात, अगदी वाटेत, आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या कबरीवरची काळी फरशी आहे. विश्वासू हातांनी भूमी आणि समुद्र ओलांडून त्यांना इथे आणलं, असं तिच्यावर कोरलंय. ते हात कुणाचे, त्यांची नावं फरशीवर नाहीत. त्यातला एक जेकब वेनराइट. आफ्रिकेतून गुलाम म्हणून पळवलेला, ब्रिटिश जहाजाने सोडवलेला मुलगा, जो आमच्या नाशिकच्या शरणपूरच्या मिशन शाळेत शिकला. लिव्हिंगस्टन 1873 मध्ये आफ्रिकेत वारले तेव्हा अंत्यविधीचं वाचन जेकबने केलं. ज्या झाडाखाली त्यांचं हृदय पुरलं त्याच्या खोडावर अक्षरंही त्यानेच कोरली. सोबत्यांनी देह महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणला, जेकब तो घेऊन इंग्लंडला आला, आणि 18 एप्रिल 1874 रोजी याच ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत होता.

पप्पांचं बालपण शरणपूरला गेलं. ते फरशीजवळ उभे राहिले आणि गाइडला म्हणाले, "मॅडम, हा आमच्या गावच्या शाळेचा मुलगा." तिला जेकबचं नाव ठाऊक होतं, शाळा कुठे होती ते नव्हतं. तिने नाशिकचं स्पेलिंग विचारून वहीत लिहून घेतलं, आणि गट पुढे गेला तरी पप्पा अजून तिला गोदावरीपासून शरणपूर किती लांब ते सांगत होते.