पद्यात लिहिलेली तक्रार बँक स्वीकारील का?

बचत खात्यात पन्नास रुपये असताना किमान शिल्लक न राखल्याबद्दल बँकेने शंभर रुपये आणि त्यावर जीएसटी कापून घेतला, खाते उणे झाले, म्हणून आपण सतरा कडव्यांचा फटका रचला आहे आणि तो तक्रार म्हणून पाठवावा का, असे विचारता. अवश्य पाठवावा. तक्रार लेखी असावी हे खरे, पण ती गद्यातच असावी असे माझ्या तरी वाचनात नाही.

मात्र पाचव्या कडव्यात खिडकीवरच्या कारकुनाची काढलेली खरडपट्टी गाळावी. ही वजावट संगणक प्रणाली आपोआप करते. त्या बिचाऱ्याला ती पासबुक छापेपर्यंत ठाऊकही नसते, आणि आपला कागद प्रथम त्याच्याच हाती पडणार आहे.

दुसरी अडचण मी स्वतः भोगलेली आहे. एटीएममधून न आलेल्या नोटांबद्दल मी एका बँकेला असाच फटका लिहिला होता. शाखेत तो मोठ्याने वाचला गेला, रोखपालांनी दाद दिली, व्यवस्थापकांनी चहा पाजला. पैसे मात्र आले नाहीत, कारण यमकांच्या नादात व्यवहाराची तारीख आणि रक्कम या दोन्ही गोष्टी लिहायच्या राहून गेल्या होत्या. पुढे चार ओळींचे रुक्ष पत्र दिले, तेव्हा काम झाले.

म्हणून मी फटक्याऐवजी अभंग सुचवतो. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. एवढ्या तोकड्या जागेत शिव्यांना वाव राहत नाही आणि मुद्दा मावतो. आपल्याच प्रकरणावर बेतून पाहिला:

ठेव होती माझी । रुपये पन्नास ।
दंडाचा हा घास । शंभराचा ॥

बचतीच्या खाती । निघाले हे कर्ज ।
केला नाही अर्ज । तरी दिले ॥

एक महिन्याची । सूचना ना दिली ।
कात्री चालविली । परभारे ॥

म्हणे खातेदार । शंभर ते द्यावे ।
पासबुकी यावे । पन्नासच ॥

जीएसटीचे अठरा रुपये काही केल्या वृत्तात बसले नाहीत. एकूण 118 रुपये कापले आणि शिल्लक उणे 68 झाली, हे खाली गद्यात तारखेसह लिहावे.

आपली खरी ताकद अभंगाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यात आहे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2014 च्या परिपत्रकाने घालून दिलेल्या आणि 1 एप्रिल 2015 पासून लागू झालेल्या नियमानुसार, शिल्लक कमी पडल्यास बँकेने ग्राहकाला आधी कळवून ती भरून काढण्यास किमान एक महिना द्यावयाचा आहे, आणि केवळ या आकारणीमुळे बचत खाते उणे होऊ द्यावयाचे नाही. अभंगाखाली या नियमाचा उल्लेख केला, तर हसून झाल्यावरही वाचणाऱ्याला उत्तर द्यावे लागेल.

कागद देताना तक्रार क्रमांक मागून घ्यावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एकात्मिक लोकपाल योजनेखाली रिझर्व्ह बँकेकडे विनाशुल्क दाद मागता येते. तिथल्या अर्जात मजकूर साधा ठेवून अभंग जोडपत्र म्हणून लावावा. आणि आपल्या फटक्याच्या शेवटच्या कडव्यातली खाते बंद करण्याची धमकी काढून, किमान शिल्लकेची अट नसलेल्या मूलभूत बचत खात्यात खाते बदलून मिळावे, अशी मागणी तिथे घालावी.