‘कन्फ्यूशियन’ म्हणजे नेमकं काय? हे धर्माचं नाव आहे का?

हे विशेषण आहे: कन्फ्यूशियसच्या विचारांचा, किंवा त्या विचारांतून वाढलेल्या परंपरेचा. ती परंपरा मानणाऱ्या माणसालाही कन्फ्यूशियन म्हणतात. धर्म म्हणायचं की नाही यावर अभ्यासकांत वाद आहे. मला ‘आचारपरंपरा’ हा शब्द जास्त जवळचा वाटतो.

कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१ ते ४७९) हे चीनमधल्या लू राज्यातले शिक्षक. चिनी भाषेत त्यांना आदरानं ‘कोंग फूत्झू’, म्हणजे गुरुवर्य कोंग म्हणत. जेझुइट मिशनऱ्यांनी त्याचं लॅटिन रूप केलं. गंमत म्हणजे चिनी भाषेत या परंपरेच्या नावात कन्फ्यूशियस येतच नाहीत. तिला ‘रू’ म्हणजे विद्वानांची परंपरा म्हणतात.

गाभा माणुसकी, रीत आणि आईवडिलांविषयीचा आदर यांत आहे. ‘लुन्यू’ या त्यांच्या संवादसंग्रहात ते म्हणतात, आईवडिलांना जेवू घालणं म्हणजेच सेवा, असं लोक समजतात; पण कुत्र्या-घोड्यांनाही आपण खायला घालतोच की! मनात आदर नसेल तर फरक काय राहिला? हा प्रश्न मला फार आत लागतो.

वापर असा: ‘कन्फ्यूशियन मूल्यं’, ‘कोरियातल्या कन्फ्यूशियन चालीरीती’. चीनमधली सरकारी नोकरीची परीक्षा शतकानुशतकं कन्फ्यूशियन ग्रंथांवर चालली, १९०५ मध्ये बंद झाली. मात्र चिनी म्हणजे कन्फ्यूशियन असं सरसकट लिहू नका. ताओ आणि बौद्ध परंपरा तिथे तितक्याच खोल रुजल्या आहेत.