व्हीपीएन न देता ब्राउझरमधूनच लोकांना ऑफिसचा डेस्कटॉप द्यायचाय. आरडीपीचा (विंडोजचा डेस्कटॉप दुरून वापरायची सोय) पोर्ट बदलून राउटरवर उघडला तर पुरेसं आहे का?

नाही. 'पोर्ट बदलून' वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

आधीच्या नोकरीत आमचे एक वरिष्ठ होते. आरडीपीचा नेहमीचा पोर्ट ३३८९ उघडा ठेवला तर धोका, पण ३३९१ केला की कुणाला पत्ताच लागत नाही, असं त्यांचं ठाम मत. स्कॅन करणाऱ्याला आकड्याशी काय देणंघेणं? तो सगळे पोर्ट ठोठावतो, कुठून आरडीपीचं उत्तर आलं की त्याला कळतं. मी सिक्युरिटी लॉग उघडून दाखवला. इव्हेंट ४६२५, म्हणजे फसलेलं लॉगिन, स्क्रोल करून संपेना. त्यावर साहेबांचा उपाय: पाच चुकीच्या पासवर्डनंतर खातं लॉक. झालं! आमची यूझरनेम म्हणजे ईमेलचाच पुढचा भाग, ती बाहेर सगळ्यांना माहीत. हल्लेखोर आत शिरले नाहीत, पण सकाळ झाली की आमचीच माणसं बाहेर आणि हेल्पडेस्कचा फोन खणखणतोय. तरीही मीटिंगमध्ये तेच, "आपल्यासारख्यांवर कोण कशाला हल्ला करेल?" अहो, तिथे माणूस बसलेला नसतो, स्क्रिप्ट चालू असते!

मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाचं आरडीपीमधलं भोक जाहीर झालं. त्याला पासवर्डसुद्धा लागत नव्हता. सपोर्ट २०१४ मध्येच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टनं पॅच काढला. ती बातमी छापून त्यांच्या टेबलावर ठेवली, तेव्हा कुठे पोर्ट बंद झाला. श्रेय कुणी घेतलं ते विचारू नका.

आता तुमचं काम. अपाचे ग्वाकामोले लावा, म्हणजे ब्राउझरमध्ये डेस्कटॉप दाखवणारा गेटवे. यूझरला फक्त ब्राउझर लागतो, आरडीपी चालतो तो फक्त हा गेटवे आणि आतला पीसी यांच्यामध्ये. त्याच्या पुढे एनजिनेक्स हा वेब सर्व्हर प्रॉक्सी म्हणून ठेवा, बाहेर फक्त ४४३ (एचटीटीपीएसचा पोर्ट) उघडा. त्यात वेबसॉकेटचे (सतत चालू राहणाऱ्या जोडणीचे) अपग्रेड हेडर द्या आणि प्रॉक्सी बफरिंग (डेटा साठवून मग पुढे पाठवणं) बंद करा, नाहीतर माउस अडखळतो आणि लोक तुम्हाला शिव्या घालतात. ग्वाकडी या ग्वाकामोलेच्या आतल्या सर्व्हिसचा पोर्ट ४८२२ बाहेरून दिसता कामा नये. ग्वाकॲडमिन हे आयतं खातं पहिल्याच दिवशी उडवा. आतल्या पीसींच्या फायरवॉलवर ३३८९ फक्त गेटवेच्या आयपीला, एनएलए (डेस्कटॉप उघडण्याआधीच लॉगिन तपासणं) चालू. कॉपी-पेस्ट आणि ड्राइव्ह ज्याला खरंच लागतं त्यालाच.

टीओटीपीचं (पासवर्डनंतर मोबाइलवरचा बदलता कोड मागणारं) एक्स्टेन्शन सगळ्यांना सक्तीचं. "मला कशाला तो सहा आकडी कोड" म्हणणारा साहेब तुमच्याकडेही असेलच. त्याला सूट द्यायची नाही, सगळ्यात जास्त अधिकार त्याच्याच खात्याला असतात. आमच्याकडे ती दिली होती. माझा विरोध मी लेखी नोंदवला, तो मेल अजून जपून ठेवलाय.

विंडोज सर्व्हरवरच राहायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचा आरडी गेटवे आणि वेब क्लायंटही चालतो, मात्र आरडीएसच्या (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसच्या) कॅल, म्हणजे वापरण्याचे परवाने, घ्याव्या लागतात.

आणि हो, ग्वाकामोलेलाही भोकं पडतात. २०२० मध्ये गंभीर सापडली होती, १.२.० मध्ये बुजवली. जुनी आवृत्ती लावून विसरणार असाल तर नकोच. कॅड किंवा व्हिडिओ एडिटिंगवाले कुरकुर करतील, त्यांना सरळ व्हीपीएन द्या.