गादी जास्त वर्षं टिकावी म्हणून काय काळजी घ्यावी? अधूनमधून उन्हात टाकली तर चालते का?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीत १६ हजारांची फोमची गादी घेतली, दुकानदारानं १० वर्षांची वॉरंटी दिली आणि सासूबाई म्हणतात, महिन्यातनं एकदा उन्हात टाकत जा. ते ‘उन्हात टाका’ वाचलं आणि राहवलं नाही. याच दोन शब्दांवरनं २०१८पासनं आमच्या घरात एक बोल माझ्या माथी आहे.

आधी उत्तर देते. कापसाच्या गादीला ऊन पाहिजेच. फोमच्या गादीला ऊन नको, वारा पाहिजे. तुमच्या सासूबाई चुकीच्या नाहीत, त्या त्यांच्या गादीबद्दल बोलतायत. मीही तशीच माझ्या गादीबद्दल बोलले होते.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. १९९२ साली लग्न झालं तेव्हा वडलांनी दोन कापसाच्या गाद्या आंदण दिल्या. त्या आजही आमच्या अंगाखाली आहेत. लोकांना खरं वाटत नाही, पण त्यात नवल काही नाही. कापूस चांगला होता आणि निगा राखली, एवढंच. गादी करायला टाकली तेव्हा वडील पिंजाऱ्याच्या दुकानात दोन तास बसून होते. मी शेजारी उभी. समोरच्या ढिगातनं चिमूटभर कापूस घ्यायचे, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून सावकाश ओढायचे. पटकन तुटला की मान हलवायचे. तंतू लांब निघत निघत सुटला की म्हणायचे, “हा घाला.” सरकीचं टरफल दिसलं तरी तो ढीग बाद. सूतगिरणीचा वेस्ट कापूस त्या वेळी बराच स्वस्त मिळायचा. तो घेतला असता तर घडणावळीचे पैसे वर सुटले असते. वडील म्हणाले, आखूड कापूस वर्षात गोळे धरतो, मग पोरगी आयुष्यभर गोळ्यांवर झोपणार का.

त्या गाद्यांना मी काय केलं ते सांगते, म्हणजे निगा कशाला म्हणतात ते कळेल. आमच्या कोल्हापुरात नवरात्राच्या आधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. पंचगंगेचा घाट म्हणा, रंकाळा तलावावरची धुण्याची चावी (कपडे धुवायची जागा) म्हणा, जिथं पाणी तिथं वाकळा (गोधड्या) आणि चादरी. गादी काही धुता येत नाही. ती त्याच आठवड्यात गच्चीवर जाते. सकाळी दहाला टाकायची, दुपारी उलटायची, काठीनं झोडायची आणि ऊन उतरायच्या आत खाली आणायची. संध्याकाळपर्यंत राहिली तर दिवसभर घालवलेली ओल परत ओढते. असंच पुन्हा मार्चमध्ये, आणि मेमध्ये पावसाच्या तोंडावर. गादीवर कायम एक वाकळ. ती महिन्याला धुवायची. मुलं लहान होती तेव्हा वाकळेखाली मेणकापड, तेही रात्रीपुरतं, सकाळी काढून वाळत टाकायचं.

आणि तीन-चार वर्षांनी एकदा पिंजून घ्यायची. आतापर्यंत नऊ वेळा झाली. मागच्या खेपेला मी पूर्ण वेळ समोर बसले होते. गादीपाट (गादीचं वरचं जाड कापड) उसवला तर आत कापूस असा राहिलाच नव्हता, एकावर एक चिकटलेले पापुद्रे झाले होते. ह्यांची कंबर जिथं टेकते तिथला थर तर बोटानं दाबला तरी हलेना. घाम आणि वजन, दोन्हींनी मिळून तो तसा बसतो. तोच कापूस मशीनमधनं बाहेर पडला तेव्हा पोत्यात मावेना. पूर्वी पिंजणीवर करायचे, तातीचा (पिंजणीच्या ताणलेल्या दोरीचा) आवाज गल्लीभर यायचा. आता मशीन आहे, काम लवकर होतं. किलोभर नवीन कापूस मिसळला, कारण पिंजताना बारीक तंतू आणि धूळ उडून कापूस कमी होतो. मग परत भरला, काठीनं सारखा केला आणि दाभणानं टाके घातले. टाके जवळजवळ घ्यायला सांगा. लांब टाके घातले की कापूस आतनं सरकतो आणि मधे खड्डा पडतो. मजुरी किती, तर तेव्हा एका गादीला ६०० रुपये पडले.

आता माझा बोल.

माझे धाकटे दीर राजारामपुरीत तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. २०१७च्या दिवाळीत त्यांनी २८ हजारांची फोमची गादी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. आमच्याकडं फराळाला आले तेव्हा माझ्या गादीवर हात मारून म्हणाले, “वहिनी, किती वर्षं त्या पिंजाऱ्याच्या मागनं फिरणार? आमची बघा, दहा वर्षं हात लावायला नको.” मी म्हटलं, बरं आहे भाऊजी.

२०१८च्या गौरी-गणपतीत मी त्यांच्याकडं मुक्कामाला होते. रात्री कुशीवर वळलं की खालनं करकर आवाज यायचा. शिवाय वास. शिळ्या ओल्या फडक्याचा असतो तसा. सकाळी मी चादर बाजूला केली, तर गादी ज्या प्लॅस्टिकमध्ये दुकानातनं आली त्याच प्लॅस्टिकमध्ये होती. जवळजवळ अकरा महिने त्यावर चादर घालून झोपत होते. जाऊबाई म्हणाल्या, “काढलं तर डाग पडतील हो, वॉरंटी जाते म्हणतात.” मी कोपरा उचलला. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूनं दवासारखे थेंब धरलेले. खालच्या कापडावर मोहरी सांडल्यासारखे काळे ठिपके, आणि भिंतीकडच्या बाजूला ते एकमेकांत मिसळून हाताच्या पंज्याएवढा डाग झालेला. भिंतीपलीकडं बाथरूम. पलंग सनमायका लावलेला बॉक्सचा, वर सलग प्लायवूड, वाऱ्याला एक भोक नाही. त्यात कोल्हापूरचा पाऊस. जून ते सप्टेंबर आमच्याकडं पापडसुद्धा डब्यात मऊ पडतो.

मी म्हणाले, आधी हे प्लॅस्टिक फाडा आणि पाऊस उघडला की गादी उन्हात टाका. मला तेवढंच माहीत होतं. त्यांनी ऐकलं, आणि जरा जास्तच ऐकलं. चेनची खोळ काढून धुवायला टाकली आणि आतला उघडा फोम ऑक्टोबरच्या उन्हात पंधरा दिवस गच्चीवर ठेवला. फोम पिवळा पडला. वरनं हात फिरवला की बेसनासारखी भुकटी हाताला यायची. मग त्यांनी वॉरंटी मागितली. कंपनीचा माणूस आला, गादीवर काठी आडवी धरून खड्डा मोजला, खोळ उलटी करून काळे डाग बघितले आणि कागदावर नकार लिहून गेला.

त्या दिवाळीत पाहुण्यांनी भरलेल्या घरात भाऊजी म्हणाले, “वहिनींच्या उन्हानं २८ हजार गेले.” मी गप्प बसले. सणाचा दिवस होता. पण त्यानंतर दर दिवाळीला ते वाक्य फराळाबरोबर येतं, म्हणून आज एकदा नीट लिहून ठेवते.

फोमच्या गादीला ऊन लावायला सांगणं ही माझी चूक. ती मी मान्य करते. उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलियुरेथेन फोम पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो, लेटेक्सचंही तसंच. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, नंतर समजून घेतलं. पण नकार कशावर आला? काळ्या डागांवर. ते डाग मी पाय ठेवायच्या आधीचे होते. माणूस रात्रभर घाम आणि वाफ सोडतो, ती गादीत उतरते. वरनं प्लॅस्टिक आणि खालनं सलग प्लायवूड असेल तर ती जाणार कुठं? तिथंच पाणी होऊन बसते आणि बुरशी धरते. गादी उन्हानं खराब व्हायच्या आधी ओलीनं खराब झाली होती, आणि ती ओल वॉरंटी सांभाळायच्या नादात कोंडली होती. भाऊजी हे वाचतील की नाही माहीत नाही. वाचलं तर बरं होईल.

तर तुमच्यासाठी. बहुतेक वॉरंटी कार्डांवर डाग, ओल आणि चुकीचा पलंग यांना भरपाई नाही असं लिहिलेलं असतं, आणि खड्डासुद्धा ठरावीक खोलीच्या पुढं गेला तरच धरतात. कार्ड आजच वाचा, दहा वर्षांच्या आकड्यावर जाऊ नका. डागापासनं वाचवायला प्लॅस्टिक नाही, कापडी प्रोटेक्टर घाला. खालनं पातळ थर असतो त्यामुळं पाणी उतरत नाही, पण वरचं कापड धुता येतं. पलंग बॉक्सचा असेल तर सुताराकडनं प्लायवूडला वीतभर अंतरावर भोकं पाडून घ्या. पट्ट्यांचा असेल तर दोन पट्ट्यांत तीन इंचांपेक्षा जास्त फट नको, फोम त्यातनं खाली उतरतो. भिंतीपासनं चार बोटं पुढं ओढा. सकाळी उठल्या उठल्या चादर नीट घालून वर बेडकव्हर टाकायची सवय चांगली दिसते, पण गादीला वाईट. अर्धा तास उघडी ठेवा, पंखा लावून. तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडं करा. उलटी करायची की नाही ते गादीवर आहे. वरनं मऊ थर दिलेली असेल तर उलटायची नाही, नुसती फिरवायची. महिना-दोन महिन्यांनी भिंतीला उभी टेकवून सावलीत दिवसभर वारा द्या. हेच तुमचं ‘ऊन’. रोज एकाच कडेवर बसून मोजे घालणं, मोबाइल बघणं बंद करा, सगळ्यात आधी कडच बसते.

पुढच्या वेळी फोम घेताना डेन्सिटी विचारा. ३२ डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ३२ किलो. आकडा जास्त तसा फोम सावकाश बसतो. दुकानदार ‘मेमरी’, ‘ऑर्थो’ असले शब्द पुढं करतो, आकडा विचारल्यावर गडबडतो.

काथ्याची गादी असेल तर तीही पाण्यापासनं जपायची आणि कधीही घडी घालायची नाही, आतला काथ्या मोडतो.

एक-दोन गोष्टी राहिल्या. घरात दम्याचं माणूस असेल तर कापसाची गादी झोडणं, पिंजणं त्यांच्यापासनं लांब करा. धूळही उडते आणि धुळीतले बारीक किडेही. हे किडे फोममध्येही असतात, कोरड्यात मात्र त्यांचा टिकाव लागत नाही. चादरी ६० अंशांच्या गरम पाण्यात धुतल्या की मरतात.

आणि पुराचं पाणी लागलेली गादी, कापसाची असो की फोमची, ठेवू नका. २०१९च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३ फूट. शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ माझ्या बहिणीच्या घरात पाणी शिरलं. ओसरल्यावर गेलो तेव्हा तिची कापसाची गादी चौघांना उचलेना. तिनं मला विचारलं, पिंजून होईल का गं. गटाराचं पाणी मुरलेलं, आत बोट घातलं तर काळं निघालं. आमच्या वडलांनी माझ्यासारखीच तिलाही आंदण दिलेली. मीच म्हणाले, टाक. महापालिकेच्या गाडीत चढवली तेव्हा आम्ही दोघींनीही हात लावला.

तुमची गादी नवीन आहे, अजून काही बिघडलेलं नसणार. फक्त दुकानातलं प्लॅस्टिक अजून अंगावर असेल तर आज झोपायच्या आधी काढा.