हप्ता आधी स्वतःला भरून बघ

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

गॅरेजचं साठ हजारांचं अंदाजपत्रक आणि शोरूमचं कोटेशन तू एकाच दिवशी पाठवलंस. तुझी गाडी २०१५ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, ९४ हजार किलोमीटर धावलेली, कर्ज कधीच फिटलेलं. हिच्यावर साठ हजार घालायचे, दसऱ्याला नवी आणायची, की ऑफिसच्या लीज योजनेत नाव द्यायचं, असा तुझा पेच आहे. ‘सव्वादोन लाखांच्या गाडीवर साठ हजार कोण घालतं?’ असं तू लिहिलंयस. गोंधळाचं मूळ या वाक्यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

दुरुस्तीचं बिल गाडीच्या बाजारभावाशी ताडून बघू नकोस. तू गाडी विकण्यासाठी दुरुस्त करत नाहीयेस, वापरण्यासाठी करतोयस. ते बिल ताडायचं नव्या गाडीच्या हप्त्याशी. कोटेशनमध्ये ८ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, पाच वर्षं मुदत आहे. हप्ता येतो १६,६०७ रुपये. साठ हजार म्हणजे साडेतीन हप्त्यांपेक्षा थोडे जास्त. दुरुस्तीनंतर गाडी चार महिने धड चालली तरी खर्च निघाला. आणि यादी बघ: टायर १८ हजार, पुढचं सस्पेन्शन (लोअर आर्म, लिंक रॉड, दोन शॉकअब्जॉर्बर) १६ हजार, क्लच सेट मजुरीसकट ११ हजार, एसीचा कंडेन्सर आणि गॅस १० हजार, बॅटरी ५ हजार. यातलं काहीही गाडी म्हातारी झाल्याचं लक्षण नाही. हे सगळे झिजणारे भाग आहेत, नव्या गाडीतही एक दिवस बदलावे लागतात. शहरातल्या गर्दीत क्लच ८० हजार ते लाखभर किलोमीटर टिकला म्हणजे त्याने आपलं काम चोख केलं. शिवाय हे पाचही खर्च एकाच महिन्यात करायची गरज नाही. टायर आणि सस्पेन्शन आधी, कारण ते ब्रेकइतकेच जिवाशी निगडित आहेत. क्लच घसरायला लागला असेल तर त्याच्या मागोमाग. एसी उन्हाळ्याआधी केला तरी चालेल. टायर घेताना कडेवरचे चार आकडे वाच: ‘३२२४’ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला टायर नव्या भावात घेऊ नकोस.

गाडी ठेवायची की नाही याचा खरा निकाल मात्र या यादीत नाही, तो गाडीच्या पोटाखाली आहे. गाडी लिफ्टवर चढवायला सांग आणि मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतः खाली उभा राहा. चार जागा तपास: जॅक लावायची जागा, दाराखालची पट्टी म्हणजे सिल, पुढच्या शॉकअब्जॉर्बरचं वरचं टोक जिथे बॉडीला बसतं ती जागा आणि मागचा ॲक्सल जिथे जोडलेला असतो ती जागा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. भद्द आवाज आला, किंवा टोक दाबल्यावर आत गेलं, तर गंज सांगाड्यात शिरलाय. अशा गाडीवर एक रुपयाही घालू नकोस. इंजिन उघडून नवं करता येतं, कुजलेला सांगाडा वेल्डिंगच्या ठिगळांनी मूळच्या ताकदीचा होत नाही, आणि अपघातात मार तोच झेलतो. पुण्याच्या कोरड्या हवेत दहा-अकरा वर्षांची गाडी बहुधा यातून सुटते. मुंबईत समुद्राजवळ किंवा रत्नागिरी, अलिबागकडे राहिलेली गाडी असेल तर आतली मॅटसुद्धा उचलून फ्लोअर बघ, कारण ओल तिथे साचते आणि वरून काहीच दिसत नाही.

त्यानंतर इंजिन. कंप्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ती तपासणी, करायला सांग. इंजिन गरम असताना, सगळे स्पार्क प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ती करतात. चारही सिलिंडरचे आकडे लिहून घे. आकडा एकंदर किती आला यापेक्षा ते एकमेकांजवळ आहेत का ते बघ. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा एक किलोहून (दर चौरस सेंटिमीटरला) जास्त कमी असेल तर रिंग, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट यांपैकी कशाचं तरी काम निघणार. सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गोडसर वासाचा, न थांबणारा पांढरा धूर आणि कूलंटची घटती पातळी म्हणजे कूलंट आत जातंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर लगेच घाबरू नकोस. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणामुळेही तो येतो. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र गाडी चालवू नकोस, टो करून ने. आणखी एक: २०१५ची गाडी २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली नाही. मायलेज थोडं घटणार हे धरून चाल आणि दर सर्व्हिसला पेट्रोलचे रबरी पाइप, गॅस्केट बघायला सांग. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर ते काम त्याच दिवशी.

दहा वर्षांच्या गाड्या भंगारात जाणार, या भीतीने घाईत निर्णय घेऊ नकोस. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची ती मर्यादा दिल्ली-एनसीआरची आहे. तुझ्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०३० पर्यंत. पुढे फिटनेस तपासणी, नूतनीकरणाचं शुल्क आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी ती वाढवता येते. एप्रिल २०१९ आधीची गाडी असल्याने उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावलेली हवी, तेवढं राहिलं असेल तर उरकून टाक.

आता ज्या एका कारणासाठी मी हिशेब बाजूला ठेवायला सांगेन, ते. तुझ्या गाडीत एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅग आहेत का? २०१५च्या खालच्या मॉडेलमध्ये बहुतेक नसतात. आपल्याकडे सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस एप्रिल २०१९पासून, चालकाची एअरबॅग जुलै २०१९पासून आणि शेजारच्या सीटची जानेवारी २०२२पासून सक्तीची झाली. नंतर या गोष्टी बाहेरून बसवून मिळत नाहीत. गाडी कोथरूड ते हिंजवडी एवढीच धावत असेल तर मी धीर धरायला सांगेन. पण दर आठवड्याला आईबाबांना घेऊन एक्सप्रेसवेवर जाणं असेल आणि गाडीत यातलं काहीच नसेल, तर पैशाची वाट बघत बसू नकोस. गाडी बदल. नवीच हवी असंही नाही. दोन्ही एअरबॅग आणि एबीएस असलेली तीन-चार वर्षांची वापरलेली गाडीही चालेल.

पोट शाबूत आणि एबीएस-एअरबॅग असतील, तर माझं मत सरळ आहे: जुनी ठेव आणि हप्ता स्वतःला भर. जुनी गाडी फुकट पडत नाही. सर्व्हिस आणि दुरुस्ती मिळून वर्षाला ४० हजार धर, म्हणजे महिन्याला ३,३०० च्या आसपास. १६,६०७ मधून ते वजा केले की १३ हजार उरतात. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते आपोआप आरडीत जातील अशी बँकेत सोय कर. साडेसहा टक्क्यांनी तीन वर्षांत ५ लाख १५ हजारांच्या आसपास जमतील. मग ऑनरोड दहा लाखांच्या गाडीला आठऐवजी तीन लाखांचं कर्ज पुरेल. आणि गणपती-दिवाळीच्या महिन्यांत ही आरडी मोडावीशी वाटली, तर सोळा हजारांचा हप्ता तुझ्या पगाराला झेपणारा नव्हता हे बँकेच्या दंडाशिवाय कळलं.

नवी घ्यायचीच ठरली तर मुदतीत फसू नकोस. सेल्समन सात वर्षांचा हप्ता दाखवेल, १२,८७१. दिसायला हलका, पण पाच वर्षांत व्याज १ लाख ९६ हजार जातं, सात वर्षांत २ लाख ८१ हजार. त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. तीन वर्षं हप्ते भरल्यावर सात वर्षांच्या कर्जात ५ लाख १७ हजार बाकी असतात. त्याच वेळी विम्याच्या घसाऱ्याच्या तक्त्यात तीन वर्षं उलटलेल्या गाडीतून ४० टक्के वजा होतात, म्हणजे ८ लाख ६० हजार एक्स-शोरूमच्या गाडीचं विमामूल्य उरतं ५ लाख १६ हजार. गाडी अपघातात पूर्ण गेली, तर विम्याचे सगळे पैसे बँकेकडे जातील आणि तू पायी. म्हणून पाच वर्षांच्या पुढे जाऊ नकोस.

व्याज ‘फ्लॅट’ म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर आहे की घटत्या शिलकीवर, हे पहिल्याच भेटीत विचार. आठ लाखांवर ९ टक्के फ्लॅट म्हणजे हप्ता १९,३३३, आणि खरा दर पावणेसोळा टक्क्यांच्या घरात. ऑक्टोबर २०२४पासून कर्ज देणाऱ्याने सगळे आकार धरून वार्षिक दर दाखवणारं मुख्य तथ्य पत्रक द्यायलाच हवं. ते हातात आल्याशिवाय सही नाही. मुदतीआधी फेडल्यास किती आकार लागेल तेही त्यातच बघ, स्थिर दराच्या कर्जात तो बऱ्याचदा जाचक असतो. ‘हँडलिंग चार्ज’ देऊ नकोस. विमा शोरूमकडूनच घेण्याची सक्ती नाही. तुझा पन्नास टक्के नो क्लेम बोनस गाडीचा नसून तुझा आहे. जुनी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घे, नव्या गाडीच्या विम्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी जो हप्ता असतो, त्यात तो निम्मी सूट देतो.

लीजबद्दल थोडक्यात, कारण तुझ्या बाबतीत मला ती पटत नाही. ऑफिसच्या लीजमध्ये भाडं कर लागण्याआधी पगारातून वळतं होतं आणि त्याबदल्यात इंजिनक्षमतेनुसार एक ठरलेली रक्कम तुझ्या करपात्र उत्पन्नात धरतात. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला यात खरा फायदा असू शकतो. पण गाडी कंपनीच्या नावावर असते. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर ११ टक्के रस्ता कर, कंपनीच्या नावावर २० टक्के. ८ लाख ६० हजारांवर हा फरक ७७ हजारांचा, आणि तो भाड्यात मिसळलेला असतो. कोणी परराज्यातल्या नंबरची गाडी देऊ केली तर लक्षात ठेव, बारा महिन्यांच्या वर इथे ठेवायची तर नव्याने नोंदणी आणि कर आलाच. पुढच्या वर्षी नोकरी बदलायचा विचार आहे असं तूच लिहिलंयस. मध्येच सोडलं तर उरलेल्या भाड्याचा मोठा भाग किंवा गाडीची ठरलेली किंमत एकरकमी भरावी लागते. करारात तीन गोष्टी शोध: मुदतपूर्व बंद करण्याचं सूत्र, वर्षाची किलोमीटर मर्यादा व वरच्या प्रत्येक किलोमीटरचा दर, आणि परत करताना ओरखड्यांचे पैसे कोण ठरवणार. एखाद्या शहरात दोनच वर्षं काढायची असतील किंवा नोकरी पक्की असेल, तर लीजचा विचार जरूर करावा. तुझं यातलं काहीच नाही.

एक कागद आजच बघ. कर्ज फिटलं म्हणतोस, पण आरसीवरून बँकेचं नाव निघालंय का? नसेल तर बँकेकडून ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५च्या दोन प्रती घेऊन आरटीओत बोजा उतरवून घे. ना हरकत पत्राची मुदत साधारण तीन महिने असते, फाईलमध्ये ठेवून विसरू नकोस. पुढे कधी गाडी विकशील तेव्हा फॉर्म २९ आणि ३० देऊन नाव बदलल्याची खात्री स्वतः कर. नोंद ज्याच्या नावावर त्यालाच मालक धरून अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलंय.

शुक्रवारी रात्रीच गाडी गॅरेजमध्ये नेऊन ठेव, म्हणजे शनिवारी सकाळी थंड इंजिनाच्या पहिल्या स्टार्टचा धूर मेकॅनिकसमोरच दिसेल. पोटाखालचे चार फोटो आणि कंप्रेशनचे चार आकडे मला पाठव. तोवर शोरूमला टोकन देऊ नकोस.

तुझा,
काका